काड्या उचलल्यावर काय उरतं

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडच्या वाड्या-पाड्यांवर जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा द्विशिक्षकी आहेत. कायद्याच्या हिशोबाने यात वावगं काही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे मानले आहेत. पण मुलं साठ असोत की अठरा, इयत्ता चार किंवा पाच असायच्याच. म्हणजे गुरुजी पहिलीची अक्षरं घेत असतात तेव्हा दुसरीने काहीतरी करत बसायचं असतं, आणि बाई चौथीला भागाकार समजावतात तेव्हा तिसरीने. हे 'काहीतरी' म्हणजे काय, हा त्या शाळेतला रोजचा आणि खरा प्रश्न. उत्तर बहुधा ठरलेलं असतं: धडा उतरून काढा, पाढे लिहा, शुद्धलेखन करा. यात शिक्षकाचा आळस शोधण्यात अर्थ नाही. मुलांना शांत बसवणारं काम हाताशी तेवढंच असतं. शहरात कृतियुक्त शिक्षण म्हटलं की ती फी भरणाऱ्या पालकांना दाखवायची जास्तीची चैन वाटते. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या पट्ट्यात मात्र त्याला पर्याय नाही. शिक्षकाचा आवाज जिथे निम्मा दिवस दुसऱ्याच इयत्तेसाठी असतो, तिथे मुलाला एकट्याने किंवा दोघा-चौघांत डोकं चालवायला लावणारी कामं नसतील तर तो निम्मा दिवस फुकट जातो. एवढ्यावर कुणाचं दुमत नसावं. वाद सुरू होतो तो पुढे: कोणती कामं द्यायची, तऱ्हा किती ठेवायच्या, आणि ती साधली हे ओळखायचं कशावरून?

वेगवेगळ्या उपक्रमांची तरफदारी करताना सहसा दोन कारणं दिली जातात, आणि मला ती दोन्ही कच्ची वाटतात. पहिलं आनंदाचं. मुलं रमतात, हसतात, शाळेला यायला लागतात. हे खरंच आहे, आणि पाड्यावरच्या शाळेत हजेरी ही काही लहान गोष्ट नाही. पण मूल रमलं म्हणजे शिकलं असं होत नाही; पाऊण तास कागदाची फुलं करून झाल्यावर त्या फुलांवरून काय शिकायचं होतं हे मुलालाच काय, कधीकधी शिक्षकालाही सांगता येत नाही. दुसरं कारण शास्त्राचा आव आणतं. काही मुलं पाहून शिकतात, काही ऐकून, काही हात लावून, तेव्हा ज्याला त्याला त्याच्या शैलीने शिकवा, असं प्रशिक्षणांतून सांगितलं जातं. ऐकायला फार न्याय्य वाटतं. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकारी मानसशास्त्रज्ञांनी या समजुतीमागचा पुरावा तपासून पाहिला. शैली ओळखून शिकवल्याने मूल जास्त शिकतं असं म्हणायला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. याच कुळातला एक तक्ता तर शिक्षणाच्या जगात सगळीकडे फिरत असतो: ऐकलेलं वीस टक्के लक्षात राहतं, पाहिलेलं तीस, स्वतः केलेलं नव्वद. तो एडगर डेल या अमेरिकन प्राध्यापकाच्या नावावर खपतो. डेल यांनी १९४६ साली अनुभवांचा शंकू मांडला खरा, पण त्यात टक्केवारी नव्हतीच. ती मागाहून चिकटवली गेली. (इतके गुळगुळीत आकडे पाहूनच शंका यायला हवी होती.) मग विविधता हवी कशाला? माझ्या मते तिचं कारण मुलांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा विषयाच्या स्वभावात शोधावं. कोणतीही कल्पना एकाच अंगाने भेटली तर ती त्या अंगालाच चिकटून राहते. दोन-चार निरनिराळ्या रूपांत भेटली, तरच मुलाला त्या रूपांतून तिला वेगळं काढता येतं. म्हणून सगळ्या तऱ्हा सगळ्यांनाच हव्यात. आणि उपक्रम साधला की नाही, हे तो चालू असताना कळतच नाही. साहित्य पेटीत परत गेल्यावर मूल काय करू शकतं, ते पाहावं लागतं.

हातच्याची वजाबाकी घेऊ. ५२ वजा ३७. कितीतरी मुलं उत्तर २५ लिहितात. ती निष्काळजी नसतात. त्यांनी आपल्यापुरता एक नियम बसवलेला असतो, मोठ्या अंकातून लहान काढायचा. सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. नियम चुकीचा असला तरी तो मुलाने स्वतः बांधलेला आहे, आणि फळ्यावर रीत पन्नास वेळा दाखवली तरी तो हलत नाही, कारण 'दशकाकडून एक घ्या' हे मुलाला नुसतं म्हणायचं वाक्य वाटतं. आता बांबूच्या काड्या घ्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे, रबर लावलेले, आणि दोन सुट्या. यातल्या सदतीस मला दे. मूल तीन गठ्ठे देतं, मग दोन सुट्या देतं, आणि थांबतं. अजून पाच द्यायच्या आहेत. सुट्या तर संपल्या. गठ्ठ्यात काड्या आहेत, पण गठ्ठा बांधलेला आहे. मूल शिक्षकाकडे बघतं. इथे शिक्षकाने गप्प राहायचं असतं, आणि अध्यापनातलं याहून अवघड काम मला माहीत नाही. 'अरे सोड ना तो' हे शब्द ओठांवर आलेले असतात. ते बाहेर पडले की विचार शिक्षकाने केला, मुलाने फक्त रबर काढलं. ते गिळले तर थोड्या वेळाने मूल स्वतःच रबर काढतं, दहातल्या पाच देतं, पाच ठेवतं आणि समोर उरलेलं मोजतं: एक गठ्ठा, पाच सुट्या, पंधरा.

इथेच थांबलं तर मात्र फसगत ठरलेली. ती काड्यांची वजाबाकी झाली. तेच मूल पाच मिनिटांनी वहीत पुन्हा २५ लिहू शकतं, आणि दोन उत्तरं वेगळी आली याचं त्याला काही वाटत नाही, कारण त्याच्या लेखी तो काड्यांचा खेळ होता आणि हे गणित आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी खेळण्यातले पैसे घ्यायचे: दहाच्या पाच नोटा, रुपयाची दोन नाणी, आणि दुकानदाराला द्यायचे सदतीस. नोट सोडता येत नाही, मोडून घ्यावी लागते. काड्यांच्या गठ्ठ्यात दहा काड्या डोळ्यांना दिसत होत्या. नोटेतले दहा रुपये दिसत नाहीत, ते मानायचे असतात. एक पायरी चढून झाली. मग जमिनीवर आखलेली संख्यारेषा. सदतिसावर उभं राहून बावन्नपर्यंत जायचं: तीन पावलांवर चाळीस, मग दहाची एक मोठी उडी, वर दोन. इथे कुणी कुणाकडून काही घेत नाही. वजाबाकी म्हणजे दोन संख्यांमधलं अंतर, ही तिची दुसरीच बाजू समोर येते आणि ती काड्यांनी कधी दिसली नसती. पुढे उलटा प्रश्न: जिचं उत्तर पंधरा येईल अशी वजाबाकीची गोष्ट तू रच. आणि शेवटी २५ उत्तर लिहिलेला कागद मुलांपुढे ठेवून विचारायचं, हे बरोबर आहे का आणि तुम्ही ते कसं ठरवाल? पाच दिवसांची पाच कामं, दिसायला एकमेकांसारखी अजिबात नाहीत, पण आतलं गणित एकच. मला अभिप्रेत असलेली विविधता ही. सोमवारी काड्या, मंगळवारी मुखवटे, बुधवारी रांगोळी अशी असते तिला मी विविधता म्हणणार नाही. मराठी मुलापुढे तर आणखी एक अडचण असते: सदतीस ऐकताना आधी सात येतात, मग तीस, आणि लिहिताना आधी तीन. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात अशा संख्या 'तीस सात' अशाही वाचायची सोय केली, तर केवढा गहजब झाला. प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं. ती सोय करणाऱ्या डॉ. मंगला नारळीकरांच्या समितीची थट्टा करणाऱ्यांना सदतीस आणि त्र्याहत्तर यांच्यात घोटाळणारं मूल शेजारी बसवून दाखवायला हवं होतं.

'मुलांच्या अनुभवातून शिकवा' हा सल्लाही असाच पुरा तपासून घ्यावा लागतो. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं विकायला बसणाऱ्या घरांतली मुलं वाटे लावतात, भाव सांगतात, मोड परत देतात, आणि हे सगळं तोंडी करतात. मग वर्गात तीच मुलं गणितात कच्ची कशी? याचं एक उत्तर ब्राझीलमधून आलं. रेसिफे शहरात रस्त्यावर फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास तेरेझिना नुनेस आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. गाडीपाशी बिनचूक हिशोब करणारी मुलं, तीच आकडेमोड कागदावर मांडून दिली की चुकत होती. आपल्या घराजवळचा पुरावा अगदी ताजा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. बाजारातली मुलं गुंतागुंतीचे व्यवहार मनातल्या मनात करत होती आणि शाळेच्या साध्या उदाहरणांवर अडखळत होती. एवढं अपेक्षित होतं. पण शाळेत जाणारी, बाजाराची सवय नसलेली मुलं उलटी अडकली: पुस्तकी गणित येत असून बाजारातले हिशोब त्यांना जमेनात. यातून मी काढतो तो निष्कर्ष रोमँटिक मंडळींना आवडणार नाही. म्हसा यात्रेतल्या बैलबाजाराचा भाव पाठात आणला किंवा चिंचोके मोजायला दिले, तर मुलाचं ज्ञान आपोआप वहीत उतरत नाही. शिक्षकाला मुलाकडून ते पाऊल मुद्दाम टाकून घ्यावं लागतं: तू आत्ता तोंडी जे केलंस ते कागदावर मांड, आणि कागदावरचं हे गणित कोणत्या व्यवहाराचं असेल ते सांग. जाऊन परत येणं दोन्ही बाजूंनी व्हायला हवं. आपल्याकडच्या उपक्रमांत नेमकं हेच पाऊल गळतं. बाजार भरतो, फोटो निघतात, मुलं वडापाव विकतात, आणि वही कोरी राहते.

जिथे हे पाऊल टाकलं जातं तिथे या भूमीत विषयांची काय श्रीमंती आहे! शहापूर तालुक्यात तानसा आहे, वैतरणेचं पाणी आहे, भातसा आहे. तानसा धरण १८९२ चं. मुंबईची तहान इथून भागते आणि तालुक्यातल्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. परिसर अभ्यासात मात्र मूल जलचक्राची आकृती पुस्तकातून उतरवतं. त्याऐवजी वाडीच्या विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडून दर आठवड्याला पाणी मोजलं, दोरीला हाताच्या मापाने गाठी मारल्या, डिसेंबरपासून आकडे वहीत टिपले, तर एप्रिलपर्यंत मुलांच्या हाती स्वतः मिळवलेली माहिती येते. पहिल्याच महिन्यात भांडण होणार, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. मग प्रमाणित माप कशाला लागतं हे वेगळं शिकवावं लागत नाही. आकड्यांचा आलेख चौथीने काढायचा, दुसरीने गाठी मोजायच्या, आणि ग्रामपंचायतीला अर्ज तिसरीने लिहायचा. एका कामात तीन इयत्ता गुंततात, दोनच शिक्षक असले तरी. पण आकडे टिपले नाहीत, आलेखावर बोलणं झालं नाही, तर ती नुसती विहिरीवरची फेरी ठरते.

ही सगळी बाहेरून आणलेली खुळं आहेत, असा एक आक्षेप असतो. तो घेणाऱ्यांना आपल्याच जिल्ह्याचा इतिहास ठाऊक नसतो. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ तिथे त्यांना मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं, पण त्यांची साधनं पुढे महागडी होऊन श्रीमंतांच्या शाळांत जाऊन बसली. ताराबाई आणि अनुताईंनी त्यांमागचं तत्त्व तेवढं घेतलं आणि हाताशी शिंपले, खडे, बिया, पानं घेतली. वारली पाड्यावरची मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. उपक्रम म्हणून यातलं काय लक्षात ठेवायचं? शिंपले स्वस्त होते हे दुय्यम. मूल कुठे आहे, त्याचे हात कोणत्या कामात आहेत, त्याला वेळ कधी आहे, हे आधी पाहिलं आणि साधन नंतर निवडलं, हा क्रम महत्त्वाचा. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याहून नीलेश निमकर आणि त्यांची 'क्वेस्ट' संस्था २००७ पासून आदिवासी मुलांच्या भाषा-गणितावर जे काम करते आहे, तेही याच मातीतलं.

क्रम उलटा झाला की काय होतं, हेही महाराष्ट्राने पाहिलं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने जिल्हा परिषद शाळांचा कायापालट केला. जून २०१५ मध्ये राज्य सरकारचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि राज्यभरातून शिक्षक कुमठ्याची वाट धरू लागले. चांगली गोष्ट पाहायला गर्दी व्हावी याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पण पाहुण्याला डोळ्यांनी दिसतं ते फरशीवरचं रंगकाम: संख्यारेषा, अक्षरांचे चौकोन, भिंतीवर मुलांच्या उंचीचे फळे. शिक्षक मुलाच्या चुकीला काय म्हणतो, प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतो, हे एका दिवसाच्या भेटीत दिसत नाही. गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या, लोकवर्गणी झाली, उद्घाटनं झाली. पुष्कळ ठिकाणी दोन पावसाळ्यांत रंग उडाला आणि वर्ग पुन्हा फळ्याकडे तोंड करून बसला. गणितपेट्यांचं तसंच. साहित्य हरवलं तर जडसंग्रह नोंदवहीत काय दाखवायचं, या धास्तीने पेटी कपाटात जाते, आणि वर्षअखेरीला नवीकोरी निघते. उपक्रम झाल्याचा पुरावा म्हणजे गटावर टाकलेला फोटो, ही रीत ज्याने पाडली त्याने या पद्धतीचं जेवढं नुकसान केलं तेवढं तिच्या विरोधकांनीही केलं नसेल. फोटोत हसरी मुलं येतात. गठ्ठ्यापाशी अडून बसलेलं मूल फोटोला काही बरं दिसत नाही, आणि शिकत असतं तेच.

अभ्यासक्रम कधी संपवायचा, हा शिक्षकांचा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. तो बहाणा नाही. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, मतदारयाद्यांचं काम हे सगळं त्याच दोन शिक्षकांच्या डोक्यावर असतं. पण 'अभ्यासक्रम संपला' म्हणजे कुणाचा संपला? पुस्तक शेवटच्या पानापर्यंत आलं आणि पाचवीतलं मूल दुसरीचा उतारा वाचू शकत नाही, हे चित्र 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीने २००५ पासून देशापुढे पुन्हापुन्हा ठेवलं आहे. 'प्रथम'च्याच प्रयोगांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुणींनी, बालसख्यांनी, वेगळं बसवून शिकवलं. मुलं पुढे गेली, आणि सर्वांत मागची सर्वांत जास्त पुढे गेली. पण काम थांबल्यावर वर्षभराने पाहिलं तर त्यातला बराच लाभ ओसरलेला होता. दुसरी गोष्ट बिहार, उत्तराखंड, हरियाणा आणि उत्तर प्रदेशातली. शिक्षकांना नुसतं साहित्य आणि प्रशिक्षण देऊन वेळापत्रक होतं तसंच ठेवलं, तिथे फारसा फरक पडला नाही. हरियाणात रोजचा एक तास राखून ठेवला, त्या तासात इयत्ता मोडून मुलांना पातळीप्रमाणे बसवलं, तिथे वाचन सुधारलं. उत्तर प्रदेशात थोड्या दिवसांच्या शिबिरांनी तर मोठी मजल मारली. याचा अर्थ मला स्पष्ट दिसतो. उपक्रम अभ्यासक्रमाच्या फटीत कोंबून चालत नाही, त्याला राखीव वेळ लागतो. आणि एकदा करून सोडून देता येत नाही, कल्पनेकडे परत यावं लागतं. दोन धडे कमी शिकवून एक कल्पना पक्की करणं हे नुकसान आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी सहावीच्या वर्गात जाऊन अपूर्णांक विचारून पाहावेत.

पाठांतरवाल्यांचा आक्षेप निराळा. आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे, पावकी-निमकी सगळं पाठ होतं आणि कुठल्या काड्या नव्हत्या. त्या वेळी वर्गातली किती मुलं चौथीपर्यंतच टिकली आणि कोण गळालं, हे यात मोजलेलं नसतं, पण ते बाजूला ठेवू. पाठांतराच्या बाजूने बोलण्यासारखंही पुष्कळ आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा, तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. म्हणजे आठवणं हाही उपक्रमच आहे, आणि स्वस्तातला. सात आठे छप्पन्न जिभेवर नसेल तर भागाकार करताना मुलाची सगळी शक्ती तिथेच खर्च होते. त्याच वर्षी कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी आणखी खरमरीत मांडणी केली: नवशिक्याला मोकळं सोडून 'शोध तुझं तू' म्हटलं तर तो फार शिकत नाही, त्याला नेमकं मार्गदर्शन लागतं. मला हे मान्य आहे, आणि माझ्या म्हणण्याला त्याने बाधा येत नाही. वजाबाकीच्या वरच्या पाच कामांत मोकाट काहीच नव्हतं. किती काड्या, कोणती संख्या, अडायचं कुठे, हे शिक्षकाने आधी ठरवलेलं होतं. मुलावर सोडलं होतं ते फक्त अडल्यावर विचार करणं. पाढे पाठ करायचेच, फक्त सहा चोक चोवीस हे चिंचोक्यांच्या रांगांत एकदा पाहून झाल्यावर.

पालकांचं म्हणणं लेखांत सहसा येत नाही, पण मुलं आसनगाव-मुरबाडच्या इंग्रजी शाळांच्या बसमध्ये बसतात ती त्यांच्या निर्णयाने. आई-बापाला भरलेली वही कळते, खेळ कळत नाही. यात त्यांना अडाणी ठरवण्यासारखं काही नाही. शाळेने त्यांना दुसरं काही दाखवलेलंच नसतं. महिन्यातून एकदा मुलाने पालकासमोर अनोळखी मजकूर वाचावा, किराणाचा हिशोब मांडावा, आपली आधीची चूक आणि आताची रीत सांगावी. एवढं घडलं की वहीचा आग्रह सैल होतो. घडलं नाही तर पालकाची शंका खरी होती असं समजावं.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारातून आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने उभी राहिलेली ही शाळा जगभरच्या वर्तमानपत्रांत पोचली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगड्यात, खांद्याला दप्तर लावून, दुपारी घरकाम उरकल्यावर अक्षरं गिरवायला बसल्या. कौतुक योग्यच झालं. त्या कौतुकात एक गोष्ट निसटली. आज्यांसाठी शाळेची वेळ त्यांच्या दिवसाप्रमाणे ठरली, जागा त्यांच्या दाराशी आली, गती त्यांच्या डोळ्यांना आणि हाताला झेपेल अशी ठेवली, आणि हे करताना कुणाला काही चुकीचं वाटलं नाही. याच शहापूर-मुरबाड तालुक्यांतली कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी-कल्याणकडे आणि त्याही पलीकडे, आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची पोरं जुलैत काड्यांपर्यंत येतात, नोव्हेंबरात जातात. ज्या कल्पनेकडे पुन्हा यायचं असतं तिच्याकडे ती येतात तेव्हा पुढची इयत्ता लागलेली असते. विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून दाखवल्या होत्या, म्हणजे हे होत नाही असं म्हणायची सोय नाही. सरकारने हातात शिक्षण हमी पत्रक दिलं, ते मुलाला दुसऱ्या शाळेच्या दारापर्यंत नेतं, पण भट्टीपासून ते दार किती लांब आहे हे त्यावर लिहिलेलं नसतं. एकच गोष्ट अनेक तऱ्हांनी, पुन्हापुन्हा भेटण्याची गरज ज्यांना सर्वांत जास्त, त्यांच्या वाट्याला शाळेचे दिवस सर्वांत कमी येतात. यावर नवा खेळ शोधून भागणार नाही. नोव्हेंबर ते मे शिक्षक भट्टीवर पाठवावा लागेल, पगारी, आणि काड्यांच्या पेटीसकट.